चंद्राला नैवेद्य: चिनी घरातल्या चुंगछ्यू पूजेला पहिल्यांदा जाताना

चिनी पंचांगातल्या आठव्या महिन्याची पंधरावी रात्र म्हणजे चुंगछ्यू, ऐन शरदातला सण. सिंगापूर, हाँगकाँग, शेनझेन किंवा शांघायला नोकरीनिमित्त गेलेल्या मराठी माणसाला या सणाची ओळख होते ती ऑफिसात वाटल्या जाणाऱ्या मूनकेकच्या, म्हणजे सारण भरलेल्या गोल केकच्या, डब्यांतून आणि मॉलमधल्या कंदिलांतून. पूजा तिथे दिसत नाही. ती होते घराच्या गच्चीवर, अंगणात, फार तर बाल्कनीत. पुरोहित नसतो, देवळात जावं लागत नाही, ठरलेले मंत्र नसतात. घरातली सगळ्यात मोठी बाई सांगेल तसं करायचं. कोणी जेवायला आणि पूजेला बोलावलं असेल, तर पुढची माहिती उपयोगी पडेल.

आधी एक खुलासा. बीजिंग-शांघायच्या टॉवरमध्ये राहणाऱ्या बहुतेक कुटुंबांत आता पूजा होत नाही. सगळे एकत्र जेवतात, मूनकेक कापतात, खाली उतरून चंद्र पाहतात आणि घरी जातात. ‘आमच्याकडे काही करत नाहीत’ असं सहकारी म्हणाला तर तो टाळत नाहीये. पूजा अजून जोमात आहे ती ग्वांगतोंग प्रांतात, त्यातही छाओचौ-शांतौ या किनारी पट्ट्यात, हाँगकाँगच्या जुन्या घरांत, आणि मलेशिया, सिंगापूर, थायलंडमध्ये पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या छाओचौ वंशाच्या कुटुंबांत. शिवाय अलीकडे जुन्या पद्धतीचे पायघोळ हानफू पोशाख घालून तरुण मुलंमुली बागांमधून सामूहिक पूजा करतात. ती पाहायला देखणी असते, पण घरातली पूजा निराळी.

पहिलं काम: घर मूळचं कुठलं ते विचारा

हा प्रश्न आगाऊपणाचा वाटत नाही, उलट लोक खुलून बोलतात. आणि उत्तरावर जवळजवळ सगळं अवलंबून असतं.

जुन्या बीजिंगची पूजा कशी होती हे आपल्याला बरंच नेमकं माहीत आहे, कारण 1635 मध्ये छापल्या गेलेल्या शहरवर्णनात ती तपशिलाने आली आहे. चंद्र ज्या दिशेला उगवतो त्या दिशेला तोंड करून चौरंग मांडायचा. फळं आणि केक गोलच हवेत. कलिंगड कापायचं ते कडेला दाते पाडून, उमललेल्या कमळासारखं. कागदाच्या दुकानातून ‘चंद्रप्रकाशाचा कागद’ आणायचा: वर कमळावर बसलेले चंद्रप्रभेचे बोधिसत्त्व, खाली चंद्रबिंबात दोन पायांवर उभा राहून खलबत्त्यात औषध कुटणारा ससा. कागद तीन इंचांपासून माणसापेक्षा उंच आकारापर्यंत मिळत. पूजा झाली की तो जाळायचा आणि नैवेद्य घरातल्या प्रत्येकाला पोहोचलाच पाहिजे. माहेरी आलेल्या लेकीने त्या दिवशी सासरी परतलंच पाहिजे, हेही तिथेच लिहिलं आहे. सण एकत्र येण्याचा म्हणायचा आणि लेकीला मात्र आईकडून उठवायचं, हे वाचताना खटकतं. पण त्या काळी तिचं घर कोणतं मानलं जाई हे त्यातून लख्ख कळतं.

बीजिंगचीच खासियत म्हणजे थूर-ये, मातीचा ससोबा. अंगावर सेनापतीचं चिलखत, वर उभे लांब कान, बऱ्याचदा वाघावर स्वार. शहरात रोगराई पसरली तेव्हा चंद्रावरच्या सशाने खाली येऊन घरोघरी औषध दिलं, आणि अंगावर घालायला देवळांतून कपडे उसने घेतले, अशी गोष्ट सांगतात. म्हणून त्याचा वेश दरवेळी वेगळा. थूर-ये ‘विकत घेत’ नाहीत, ‘घरी आणतात’. गणपतीच्या बाबतीत आपणही हेच म्हणतो, त्यामुळे मराठी माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही.

छाओचौकडे गेलात तर चित्र पालटतं. तिथे चंद्र ही बाई आहे. आपला चांदोमामा, त्यांची चंद्रबाई. ताटात अळकुड्या हव्याच, आणि शेजारी पावडर, लिपस्टिक, फणी, फुलं. पूजेनंतर ती प्रसाधनं घरातल्या मुली वापरतात, रूप उजळावं म्हणून. काही घरांत मुलांची वह्या-पुस्तकंही टेबलावर येतात. थायलंडमधल्या छाओचौ कुटुंबांत टेबलाच्या दोन बाजूंना उसाची कांडी बांधून वर कमान करतात. इकडच्या मूनकेकला खुसखुशीत पापुद्रे असतात आणि ते डुकराच्या चरबीत केलेले असतात, हे शाकाहाऱ्यांनी आत्ताच लक्षात ठेवावं.

कँटनी घरांत, म्हणजे ग्वांगचौ आणि हाँगकाँगकडे, पपनस, छोट्या अळकुड्या, दोन शिंगांचे काळे शिंगाडे, कमरख, पर्सिमन आणि कमळाच्या बियांच्या सारणात खारवलेल्या अंड्याचा बलक घातलेले मूनकेक. पपनसाची साल सोलून, कोरून तिचा कंदील करण्याची पद्धतही इथलीच. कोकणात गणपतीच्या आसपास पपनस येतं. तिथेही हंगाम तोच.

तारीख

चिनी महिना अमावास्येच्या आसपास सुरू होतो, आपल्यासारखाच. त्यामुळे चुंगछ्यू बहुतेक वर्षी आपल्या भाद्रपद पौर्णिमेच्या आसपास येतो. अधिक महिने दोन्हीकडे वेगवेगळ्या वेळी पडतात, म्हणून एखाद्या वर्षी तो थेट कोजागिरीला जाऊन भिडतो. 2025 मध्ये दोन्ही 6 ऑक्टोबरला होते. 2026 मध्ये चुंगछ्यू 25 सप्टेंबरला आहे, म्हणजे अनंत चतुर्दशीलाच. 2027 मध्ये 15 सप्टेंबर, 2028 मध्ये 3 ऑक्टोबर.

पंधराव्या रात्रीचा चंद्र पूर्ण गोल असेलच असं नाही. ‘पंधराव्याचा चंद्र सोळाव्याला गोल’ अशी त्यांच्यात म्हणच आहे. पूजा तरीही पंधराव्यालाच.

चीनमध्ये 2008 पासून या दिवशी सार्वजनिक सुट्टी असते. हाँगकाँगमध्ये सुट्टी दुसऱ्या दिवशी, कारण रात्रभर जागून झालेलं असतं. सिंगापुरात सुट्टी नाही. तिथे आमंत्रण संध्याकाळी साडेसातचं असेल तर ऑफिसातून वेळेवर निघायची सोय करून ठेवा.

काय न्यावं, काय नेऊ नये

मूनकेक भेट द्यायचे ते सणाच्या आधी. दोन आठवडे आधीपासून सुरुवात होते. सणाच्या दिवशी संध्याकाळी डबा घेऊन गेलात तर चालतं, पण तोवर त्या घरात तसे डझनभर डबे आलेले असतात आणि तुमचा त्या ढिगात जातो. माझं मत विचाराल तर फळं न्या. मोठं, जड, देठाला पान असलेलं पपनस सगळीकडे चालतं. डाळिंब, द्राक्षं, संत्रीही चांगली. चांगला चहा नेला तर घरातले वडीलधारे खूश होतात, कारण मूनकेकचा गोड तेलकटपणा चहाशिवाय उतरत नाही.

पेअर नेऊ नका. चिनी भाषेत पेअर आणि ताटातूट यांचा उच्चार एकच आहे, आणि हा सण घरच्यांनी एकत्र येण्याचा. घड्याळ तर कुठल्याच चिनी घरी भेट म्हणून नेऊ नये. वस्तू दोन्ही हातांनी द्यावी.

शाकाहाऱ्यांसाठी थोडं सविस्तर. मूनकेक गोड असतो म्हणून शाकाहारी असतो असं मुळीच नाही. पिठात चरबी, सारणात बलक, वरून अंड्याचा हात आणि युन्नानकडच्या केकमध्ये चक्क हॅम. पाच सुक्यामेव्यांचा केकही फसवा, त्यात बऱ्याचदा साखरेत मुरवलेल्या चरबीचे तुकडे असतात. गंमत अशी की जुन्या बीजिंगमध्ये हा भेद पूजेपुरता पाळला जाई. तिथे झ-लाय-हूंग आणि झ-लाय-पाय असे दोन केक मिळतात. पहिला लालसर, तिळाच्या तेलात केलेला. दुसरा पांढरट, डुकराच्या चरबीतला. चंद्राला दाखवायचा तो पहिला. दुसरा फक्त माणसांनी खायचा. आजही बीजिंगच्या जुन्या मिठाईवाल्यांकडे दोन्ही मिळतात. शांघायमध्ये 1922 पासून चालू असलेलं कूंगतलिन हे शाकाहारी उपाहारगृह सणाच्या आधी शाकाहारी मूनकेक करतं, आणि ते घ्यायला लांबलचक रांग लागते. ‘वो छ्र सू’, म्हणजे मी शाकाहारी खातो, एवढं वाक्य पाठ करून ठेवा आणि आमंत्रण स्वीकारतानाच सांगा. ताटावर बसल्यावर सांगितलं तर यजमानीण कानकोंडी होते.

टेबल मांडताना

लवकर पोहोचलात तर मदत करा; हाच सगळ्यात चांगला भाग असतो. टेबल उघड्यावर, चंद्र दिसेल अशा ठिकाणी. पौर्णिमेचा चंद्र सूर्यास्ताच्या सुमारास पूर्वेला उगवतो, पण शहरात समोरच्या इमारतीवरून डोकं काढायला त्याला आणखी तासभर लागतो. बाल्कनी पश्चिमेला असेल तर लोक इमारतीच्या गच्चीवर किंवा खाली आवारात जातात.

चंद्राच्या बाजूला, म्हणजे टेबलाच्या पुढच्या कडेला, अगरबत्त्यांचं भांडं. त्याच्या दोन बाजूंना लाल मेणबत्त्या. मग मधोमध मूनकेकची चळत, सगळ्यात मोठा केक वर किंवा पुढे. भोवती फळं. बीजिंगच्या पद्धतीने मांडत असाल तर हिरव्या सोयाबीनच्या शेंगांची अख्खी डहाळी, ती सशासाठी; कोंबड्याच्या तुऱ्यासारखी फुलं, ती चंद्रावर असतं असं मानलेल्या झाडाच्या जागी; आणि कमळकाकडी. चहाच्या छोट्या वाट्या, काही घरी ओस्मँथसच्या सुगंधी फुलांची गोडसर दारू. फळं सोलून ठेवायची नाहीत. कलिंगड तेवढं कापलेलं.

मांस सहसा नसतं. जेवणाच्या टेबलावर बदक, खेकडे, ग्वांगचौकडे नदीतल्या गोगलगायी, सगळं असतं, पण ते आत.

पूजा नक्की कोणाची? छांग-अची, असं सहसा सांगतात. ती गोष्ट लहान मुलांनाही पाठ असते: धनुर्धर हौ-यीने दहापैकी नऊ सूर्य पाडले, त्याला अमरत्वाचं औषध मिळालं, ते त्याच्या बायकोने घेतलं आणि ती तरंगत चंद्रावर गेली. तिने ते चोरलं की दुष्टाच्या हाती पडू नये म्हणून गिळलं, यावर घरोघरी वेगळं मत. चीनची चांद्रयानं तिच्याच नावाची आहेत आणि 2024 मध्ये त्यांतल्या सहाव्या यानाने चंद्राच्या पलीकडच्या बाजूची माती आणली. पण ताओ परंपरेत पूजेची देवता आहे थाय-यिन, चंद्राची अधिष्ठात्री. बीजिंगच्या कागदावर बौद्ध बोधिसत्त्व. छाओचौकडे नुसती चंद्रबाई. यजमानिणीला विचारलंत तर बहुधा ती वर बोट न दाखवता मानेने खूण करील. बोट दाखवत नाहीत, कारण चंद्राकडे बोट केलं तर तो रात्री येऊन कानामागे चिरा पाडतो, अशी भीती फूच्येन आणि तैवानकडच्या मुलांना घालतात. गणेश चतुर्थीला चंद्र पाहिला तर चोरीचा आळ येतो म्हणणाऱ्या आपल्या लोकांनी हसू नये.

प्रत्यक्ष पूजा

चंद्र स्पष्ट दिसला की मेणबत्त्या लावतात. घरातली मोठी बाई आधी पुढे होते. तीन अगरबत्त्या पेटवून, दोन्ही हातांनी कपाळापर्यंत उचलून, चंद्राकडे तोंड करून तीनदा वाकते, मनात किंवा पुटपुटत जे मागायचं ते मागते, अगरबत्त्या भांड्यात खोचते. मग सुना, मुली, वयाच्या क्रमाने. काही घरी गुडघे टेकतात.

पाहुण्याने काय करावं? बोलावलं तरच पुढे व्हा. अगरबत्तीची ज्योत फुंकर मारून विझवू नका, हाताने वारा घाला. हे आपल्यालाही वेगळं शिकवावं लागत नाही. तीनदा वाका, बास. मागणं मराठीत मागितलंत तरी कुणाची हरकत नसते. धर्म म्हणून वाकायचं नसेल तर दोन पावलं मागे शांत उभं राहा. कोणीही आग्रह करत नाही.

पुरुषांचा प्रश्न येतो. ‘पुरुषांनी चंद्र पुजू नये, बायकांनी चूल-देव पुजू नये’ ही उत्तर चीनची जुनी म्हण, आणि छाओचौकडेही तिचं भावंड सापडतं. चंद्र यिन, म्हणजे स्त्रीतत्त्व, म्हणून त्याची पूजा बायकांची. वर्षअखेरची चूल-देवाची पूजा पुरुषांची. शहरी घरांत आता हे कोणी पाळत नाही आणि बाप्येही वाकतात. खेड्यातल्या किंवा जुन्या वळणाच्या घरी पुरुष बाजूला बसून चहा पितात. तुम्ही पुरुष असाल तर त्यांच्याशेजारी जाऊन बसा आणि हाक मारली तर उठा. राजदरबारात मात्र हा नियम उलटा होता. बीजिंगच्या पश्चिमेला 1530 मध्ये बांधलेली चंद्रवेदी, य्वेथान, अजून उभी आहे. तिथे शरद संपाताच्या दिवशी सम्राट किंवा त्याचा अधिकारी, म्हणजे पुरुषच, चंद्राला बळी अर्पण करीत.

आभाळ भरून आलं असेल तरी पूजा होते, चंद्र असेल त्या दिशेला. अशा वेळी कोणीतरी हमखास म्हणतं की आठव्याच्या पंधराव्याला ढग आले तर पहिल्या महिन्याच्या पंधराव्याला कंदिलांवर बर्फ पडणार. पहिला महिना थंडीतला, त्यामुळे भाकीत कधीकधी खरंही ठरतं.

अगरबत्त्या जळून जाईपर्यंत थांबायचं. टेबलावरचं काही उचलायचं नाही, मुलं कितीही चुळबुळली तरी. शेवटी कागद जाळतात. उंच इमारतीत त्यासाठी पत्र्याचा डबा आणि जवळ पाण्याची बादली लागते, आणि बऱ्याच शहरांत उघड्यावर जाळायला बंदी आहे. स्वतःच्या घरी पूजा करून पाहणार असाल तर कागद सरळ गाळा. आकाशकंदील सोडण्याच्या फंदात तर पडूच नका. चीनच्या अनेक शहरांत ते बेकायदा आहे.

केक कापणं

हा भाग घाईने उरकू नका, कारण माझ्या मते सगळ्या विधीचा जीव इथे आहे. मोठा केक घरातल्या माणसांच्या संख्येइतक्या भागांत कापतात, आणि मोजताना हजर नसलेलेही धरतात. परदेशात शिकणारा मुलगा, दुसऱ्या शहरात नोकरी करणारी सून, कधी पोटातलं बाळही. त्यांचा तुकडा ताटात बाजूला राहतो. जुन्या बीजिंगमध्ये हाच केक काही घरी तसाच ठेवून वर्षाच्या शेवटच्या रात्री खात. म्हणून कापण्याआधी यजमानीण मोठ्याने नावं घेऊन मोजत असेल तेव्हा मध्येच बोलू नये. तुमचं नाव त्या मोजणीत आलं तर तुकडा नाकारू नका. अंडं-चरबीची अडचण आधीच सांगितली असेल तर तिने तुमची सोय केलेली असते.

तुकडा लहानच घ्या. दोन बलकांच्या एका अख्ख्या कँटनी केकमध्ये आठशेच्या आसपास कॅलरी असतात. तो आठ पाचरी करून चहाबरोबर खायचा असतो. सणाचं अभिवादन उत्तरेकडच्या भाषेत ‘चुंगछ्यू ख्वाय-ल’, कँटनीत ‘चुंगचाउ-चित फाय-लोक’. घरातल्या मध्यमवयीन बाईला ‘आयी’, म्हणजे मावशी, म्हणावं, नुसत्या नावाने हाक मारू नये.

पूजेनंतर, आणि आमंत्रण नसेल तर

फूच्येन प्रांतातल्या श्यामन शहरात असाल तर रात्र फाशांची. चिनीमातीच्या वाडग्यात सहा फासे टाकायचे, आणि पडलेल्या दानाप्रमाणे सहा दर्जांची बक्षिसं. परंपरेने मूनकेक 63: पहिला 1, मग 2, 4, 8, 16 आणि 32. दर्जांची नावं जुन्या राजपरीक्षांतली आहेत. हल्ली कंपन्यांच्या पार्ट्यांत केकऐवजी शाम्पू आणि मिक्सर लागतात. तैवानमध्ये लोक फुटपाथवर शेगड्या मांडून मांस भाजतात आणि मुलांच्या डोक्यावर पपनसाच्या सालीची टोपी असते.

हाँगकाँगमध्ये ताय हांग वस्तीच्या गल्ल्यांतून आगीचा ड्रॅगन निघतो: 67 मीटर लांब, गवताचा, अंगभर पेटत्या अगरबत्त्या खोचलेला. 1880 मध्ये तिथल्या वस्तीत साथ आली तेव्हा हा नाच सुरू झाला. गर्दी प्रचंड, सुती कपडे घाला, कारण ठिणग्या उडतात. मुलांना घेऊन बागेत कंदील लावायला गेलात तर मेण डब्यात वितळवून त्यावर पाणी मारण्याचा जुना खेळ करू देऊ नका. भडका उडतो, आणि सार्वजनिक बागांत त्याला दंड आहे.

मुंबईत असाल तर माझगावला, डॉकयार्ड रोड स्टेशनपासून चालत जाता येईल अशा अंतरावर, सी यिप कून हे जुनं चिनी देऊळ आहे. ग्वांगतोंगच्या सी यप भागातून आलेल्या खलाशांनी ते उभारलं, आणि आजही शहरातली चिनी कुटुंबं नववर्षाला आणि या सणाला तिथे जातात. जागा छोटी आहे आणि खाजगी आहे, त्यामुळे आधी विचारून जा, फोटोही विचारून काढा. 2026 मध्ये जाणार असाल तर तो विसर्जनाचा दिवस आहे. रस्त्याचा विचार सोडून हार्बर लाइनची गाडी धरा.